खुणेच्या उतरंडी

ठशाला चार बोटं होती. तीन पुढे, एक मागे. मागचं बोट लांब आणि सरळ होतं, आणि त्याच्या टोकाशी नखाने वाळूत ओढलेली एक बारीक रेघ होती.

मामाच्या कामाच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर तो ठसा आता बशीएवढा दिसत होता. सगळं मोजूनमापून बघायची, म्हणून जिला सगळे मोजपट्टी म्हणायचे, तिने पडद्याच्या इतक्या जवळ नाक नेलं, की तिच्या श्वासाने काच धूसर झाली.

"हा चिखल्या पक्ष्याचा पाय नाही," ती म्हणाली.

"झालं सुरू!" भोंगा खुर्चीत गोल गोल फिरत ओरडला. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून तर तो भोंगा. "चिखल्याचा नाही, तर काय हत्तीचा आहे?"

"चिखल्याला मागचं बोट नसतं. वाळूत पळायला तीन पुरतात. मागचं बोट लागतं ते फांदी पकडणाऱ्याला."

"म्हणजे?" शेपटीने विचारलं. ती मोजपट्टीची धाकटी बहीण. ताई जिथे जाईल तिथे मागोमाग, म्हणून शेपटी.

"म्हणजे घरट्यापाशी दुसरंच कोणीतरी आलं होतं."

भोंग्याची खुर्ची थांबली.

या दोघी बहिणी आणि त्यांचा मावसभाऊ भोंगा, अशी तिघं सुट्टीत मामाकडे आली होती. मामाचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मामा निसर्गाचे फोटो काढायचा, आणि सुट्टीच्या दिवसांत हौशी लोकांना फोटो काढायला घेऊन जायचा. कधी कड्यावर, कधी शेतांमधून, कधी खाडीच्या काठाने. पण लोकांची सगळ्यात आवडती फेरी होती ती खाडीच्या मुखाशी पसरलेल्या वाळूच्या पट्ट्यावरची. तिथे चिखल्या अंडी घालायचे.

चिखल्या हा मुठीएवढा, वाळूच्याच रंगाचा पक्षी. त्याचं घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा. त्यात ठिपक्यांची तीन अंडी. ती इतकी वाळूसारखी दिसायची, की मामाने बोट दाखवलं तरी पाहुणे विचारायचे, "कुठे? कुठे?"

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. मामाने शोधलेली घरटी एकामागून एक रिकामी होत होती. आदल्या दिवशी अंडी, दुसऱ्या दिवशी नुसता खळगा. पडद्यावर होता तो आज सकाळचा फोटो.

मामा भिंग पुसायचं फडकं हातात घेऊन दारात आला.

"कुत्रं असेल रे."

"मामा, हे कुत्र्याचे पाय आहेत?" मोजपट्टी म्हणाली. "हा कावळा आहे."

"कावळा? पण इतकी वर्षं कावळे इथेच आहेत. त्यांना ती अंडी कधी दिसायची नाहीत." मामाने फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "बघू."

"बघू!" स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. "दोन वर्षं सांगतेय, अंड्यांच्या दिवसांत तिकडे माणसं नेणं थांबव. काय तो निर्णय घे एकदाचा. तर म्हणे बघू!"

"अगं, लोक त्यासाठीच तर येतात. आणि मी काळजी घेत नाही का? कोणाचा पाय पडू नये म्हणून प्रत्येक घरट्याशी खूण करतो!"

ते खरंच होतं. घरटं सापडलं, की मामा त्याच्या बाजूला चपट्या दगडांची छोटी उतरंड रचायचा, आणि वर एक पांढरा शिंपला उपडा ठेवायचा. लांबून शिंपला दिसला, की सगळे जपून चालायचे. सुट्टी लागल्यावर मोजपट्टीलाही त्याने ती रचायला शिकवली होती. तिने रचलेली पहिली उतरंड पाहून तो म्हणाला होता, "वा! माझ्यापेक्षा सरळ!" त्या दिवशी मोजपट्टी घरी आली ती जवळजवळ उड्या मारतच.

मामा निघून गेल्यावर तिने बाकीचे फोटो उघडले. आधी रिकाम्या झालेल्या घरट्यांचे. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"भोंग्या, कावळा वाळूत कसा चालतो?"

"असा!" भोंग्याने खोलीभर चालून दाखवलं. दोन पावलं इकडे, मान वाकडी, एक उडी तिकडे, मध्येच चोच मारल्याची नक्कल. शेपटी खिदळायला लागली.

"बरोबर. दहा ठिकाणी चोच घालत जातो. आता हे बघ."

ठसे उतरंडीपाशी सुरू होत होते. तिच्या आधी वाळूवर काहीच नव्हतं. आणि तिथून ते सरळ घरट्याकडे गेले होते. कुठे वळण नाही, कुठे थांबणं नाही.

"हा तर मी फ्रिजकडे जातो तसा गेलाय!" भोंगा म्हणाला. "म्हणजे त्याला आधीच माहीत होतं, खाऊ कुठे आहे ते!"

"उतरंडीवर येऊन बसला, आणि खाली उतरला." मोजपट्टीचा आवाज बारीक झाला. त्या फोटोतली उतरंड अगदी सरळ होती. ती तिनेच रचली होती.

"ताई, तू रडतेस?" शेपटीने विचारलं.

"नाही. आधी नक्की करायला हवं. नुसतं वाटून उपयोग नाही."

दुपारी ओहोटी लागल्यावर तिघं पट्ट्यावर गेली. बरोबर मामीने दिलेली एक लांब फळी. चिखल्यांपासून दूर, पट्ट्याच्या ओसाड टोकाला, मोजपट्टीने काम वाटून दिलं. काही ठिकाणी उतरंडी रचायच्या, वर शिंपला ठेवायचा. पण जवळ घरटं नाही, अंडं नाही, काही नाही. भोवतालची वाळू फळीने सपाट करायची, म्हणजे ठसे उमटतील. आणि तितक्याच ठिकाणी, उतरंड न रचता, नुसतीच वाळू सपाट करायची.

"हे रिकाम्या वाळूचं काय खूळ?" भोंगा घाम पुसत म्हणाला. "माझी कंबर मोडली!"

"अरे, कावळा सगळीकडेच फिरत असेल तर? मग उतरंडीला उगाच दोष द्यायचा का? दोन्हीकडे बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"तू मोठी झाल्यावर शिक्षक होऊ नकोस बाई. मुलं शाळा सोडून पळतील!"

दुसऱ्या दिवशी मामाची फेरी कड्याकडे होती. तिघं पट्ट्याच्या टोकाकडे धावत सुटली. भोंगा सगळ्यात पुढे.

"सापडला!" तो लांबूनच ओरडला. "चोर सापडला! इथे आहेत ठसे! इथेही! या इथे तर चोचीने वाळू उकरलीये!"

एकूण एक उतरंडीभोवती चार बोटांचे ठसे होते. एका ठिकाणी शिंपलाही खाली पडला होता. नुसत्या सपाट केलेल्या वाळूवर मात्र खेकड्यांच्या पायांची सुईसारखी नक्षी, आणि बाकी काही नाही.

भोंगा हात वर करून नाचला, पण थोडाच वेळ. मोजपट्टी पडलेल्या शिंपल्याकडे बघत उभी होती.

"आपणच त्याला दाखवत होतो," ती म्हणाली. "त्याला अंडी अजूनही दिसत नाहीत. त्याला शिंपला दिसतो. एकदा शिंपल्यापाशी अंडी मिळाली, पुन्हा मिळाली. झालं, शिकला तो."

मामाला त्यांनी संध्याकाळी सांगितलं. तो टेबलापाशी रबरी फुग्याने कॅमेऱ्यातली धूळ उडवत बसला होता. वाळूचा एक कण आत गेला तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "नुसत्या वाळूवर खरंच नव्हते ठसे?" असं मध्येच विचारलं. मोजपट्टीने मान हलवली. मग त्याने फुगा खाली ठेवला.

त्याच्या डोक्यावर भिंतीवर त्याचा सगळ्यात आवडता फोटो होता: अंड्यांवर बसलेली चिखल्याची मादी, आणि तिच्या मागे धूसर दिसणारा पांढरा शिंपला.

"पायाखाली येऊ नयेत, म्हणून मी..." तो मान वर करून फोटोकडे बघत म्हणाला.

"मग आता नको ना नेऊस कोणाला?" शेपटी म्हणाली.

"उद्या शेवटचीच फेरी आहे गं. ते दाताचे डॉक्टर आणि त्या वकीलबाई, दोघं किती लांबून आलेत. घरटं दाखवीन म्हणून शब्द दिलाय मी. आज दुपारी एक सापडलंही. या वर्षातलं शेवटचंच असणार."

"मामा!" मोजपट्टी एकदम ओरडली. "तिथे खूण केलीस?"

मामाने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"सवयीने," तो म्हणाला. "उद्या सकाळी काढू. दाखवून झालं, की लगेच काढू."

"आणि पुढच्या वर्षी?" मामीने दारातून विचारलं.

"बघू."

मोजपट्टीला वाटलं, त्याला ओरडून सांगावं, की कावळे सकाळी आपल्या आधी उठतात. पण मामाचा चेहरा पाहून तिला ते सांगवेना. ती बाहेर आली. मामीच पायांत चपला सरकवत तिच्या मागून आली.

"चला," मामी हलकेच म्हणाली. "मी बांधावर उभी राहते. दिवस मावळायच्या आत परत यायचं. आणि काय करताय ते मला सांगू नका. म्हणजे मला खोटं बोलायला नको!"

शिंपला लांबूनच चमकत होता. तिघं जवळ गेली, तशी वाळूतूनच उठल्यासारखी चिखल्याची मादी पुढे आली. एक पंख लोंबता, शेपूट पसरलेलं, ती फरफटत एका बाजूला निघाली.

"अगं आई गं! पंख मोडलाय तिचा!" शेपटी तिच्या मागे धावणार, तोच मोजपट्टीने तिचा हात धरला.

"काही मोडलं नाहीये. नाटक करतेय ती. आपण तिच्या मागे जावं, आणि अंड्यांपासून लांब जावं, म्हणून."

"बापरे! नाटक कंपनीतच घ्या हिला!" भोंगा म्हणाला. पहिल्यांदाच तो कुजबुजला होता.

शेपटी त्या फरफटणाऱ्या पक्ष्याकडे बघत राहिली. "ताई, मग आपणही तसंच करूया की. उद्या त्या लोकांना लांब नेऊया."

मोजपट्टीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा उतरंडीकडे.

"शेपटे," भोंगा म्हणाला, "आजपासून तू शेपटी नाहीस. तू डोकं!"

उतरंड त्यांनी भराभर मोडली. दगड आणि शिंपला पिशवीत भरला. मोजपट्टी फळीने पावलं पुसत उलटी चालत आली. मागे वळून पाहिलं, तर घरटं कुठे होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. बाकीची घरटीही अशीच तर होती. कोणी खूण करेपर्यंत.

पुष्कळ पुढे जाऊन त्यांनी नवा खळगा केला, त्यात ठिपक्यांचे तीन गोल खडे मांडले, आणि शेजारी उतरंड रचली. अगदी सरळ!

सकाळी डॉक्टर खिशाखिशांचं जाकीट घालून हजर होते. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग एवढं मोठं, की भोंग्याने त्याचं नाव तोफ ठेवलं होतं.

"सर, आज घरटं दाखवलं नाहीत, तर तुमचे दात मी फुकटात काढीन!" ते मामाला म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या आपला छोटा कॅमेरा गळ्यात अडकवून पुढे चालू लागल्या.

पट्ट्यावर मामा शिंपला शोधत चालला होता.

"काल हे इतकं लांब होतं?" तो पुटपुटला.

"काल तू दमला नव्हतास, मामा!" भोंगा घाईघाईने म्हणाला.

शिंपला दिसला. अंतर राखून सगळे पोटावर आडवे झाले. तोफ वाळूवर टेकली.

"आहाहा!" डॉक्टर कॅमेऱ्यातून बघत म्हणाले. "काय अंडी आहेत! तो रंग बघा! ती चकाकी! निसर्गाशिवाय कोणाला जमेल हे?"

भोंग्याने शर्टाची बाही तोंडात कोंबली. शेपटीने त्याला कोपर मारलं.

"पण आई कुठे आहे त्यांची?" वकीलबाईंनी विचारलं.

"येईल, येईल," मामा म्हणाला. पण तो अस्वस्थ झाला होता. तो आकाशाकडे बघत होता.

आणि कावळा आला. कुठेही न घुटमळता तो उतरंडीवर उतरला. शिंपला खाली पडला. कावळ्याने मान तिरकी केली, आणि टुणकन उडी मारून खळग्याकडे निघाला.

"हलू नका!" डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "कोणीही हलू नका! कावळा अंडी पळवतोय! असा फोटो जन्मात एकदा मिळतो!"

तोफ टकटकायला लागली. वकीलबाईंचा कॅमेराही. मोजपट्टीने मामाकडे पाहिलं. मामाच्याही डोळ्याला कॅमेरा होता. त्याचं बोट बटणावर होतं.

ते तिला सगळ्यात जास्त लागलं. हे खडे आहेत हे तिला माहीत होतं, मामाला नव्हतं. ती त्याच्या बोटाकडे बघत राहिली.

मग मामाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. त्याने कॅमेरा टाकला. सरळ वाळूत टाकला! आणि उठून तो धावत सुटला.

"हाड! हाड! चल नीघ! हाड!"

"अहो सर, काय करताय! फोटोत आलात की!" डॉक्टर ओरडले.

कावळा उडाला. मामा खळग्यापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने एक अंडं उचललं, आणि बोटांत फिरवून पाहिलं.

"हे खडे आहेत," तो म्हणाला.

"खडे?" डॉक्टर उठून बसले. "म्हणजे मी इतका वेळ खड्यांचे फोटो काढले?"

"चकाकी छान आली असेल, डॉक्टरकाका!" भोंग्याला आता राहवेना.

"ही या कार्ट्यांची करामत! सर, तुमच्या भाच्यांनी आम्हाला चक्क बनवलं!"

"हो, बनवलं," मोजपट्टी उठून उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. चार बोटांचा ठसा, सपाट केलेली वाळू, रिकाम्या उतरंडी. "खरं घरटं दुसरीकडे आहे. कुठे ते मी सांगणार नाही. आधीची गेली. त्यातल्या एकाची खूण मी केली होती. छान रचली होती मी ती."

डॉक्टरांनी तोफेवरची वाळू झटकली. वकीलबाई आपल्या कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे सरकवून बघत होत्या.

"मी एकदाही थांबले नाही," त्या म्हणाल्या. "ती खरी अंडी आहेत असं समजत होते, आणि तरी बटण दाबत राहिले." मग त्यांनी मोजपट्टीकडे पाहिलं. "इतके साक्षीदार ऐकलेत मी आजवर. इतकं नीट, पुराव्यानिशी बोलणारी मोठी माणसंसुद्धा फार थोडी भेटली. शाबास, मुली. तुम्हा तिघांनाही शाबास."

शेपटीने छाती पुढे काढली. भोंगा चक्क लाजला. मोजपट्टीला मात्र ती शाबासकी कुठे ठेवावी ते कळेना.

मामा वाळू तुडवत परत आला. त्याचा कॅमेरा अर्धा वाळूत रुतला होता. तो त्याने उचललाच नाही. तो मोजपट्टीसमोर थांबला.

"तुला ती रचायला शिकवली मी," तो म्हणाला. "तो दोष तुझ्याकडे नको ठेवूस. तो माझा आहे." मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू जसं बघितलंस, तसं मी बघायला हवं होतं. मी नुसता भिंगातून बघत बसलो."

बांधावरून मामी येताना दिसली. इतका आरडाओरडा झाल्यावर ती थोडीच तिथे थांबणार! जवळ येऊन तिने एकेकाचे चेहरे पाहिले, आणि काहीच विचारलं नाही.

डॉक्टरांचा राग ओसरला होता. माणूस मनाने वाईट नव्हता. तोफ पिशवीत ठेवत ते हसले आणि म्हणाले, "असू द्या, सर. पोरं हुशार आहेत, मानलं! या वर्षी जाऊ दे. पण पुढच्या वर्षी मात्र खरं घरटं दाखवायचं हं. नक्की?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. भोंगा ओठांतल्या ओठांत 'बघू' म्हणून मोकळाही झाला. मामीने मान दुसरीकडे वळवली.

मामा त्या सगळ्या वाळूकडे बघत होता. तिथे कुठेतरी, त्यालाही माहीत नसलेल्या जागी, एक घरटं होतं. फक्त एक.

"नाही," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अंड्यांच्या दिवसांत मी यापुढे या पट्ट्यावर कोणालाही आणणार नाही. आणि मीही येणार नाही."